तारेवरच्या तीन खुणा

तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातच्या आधी, जाम चौकाजवळच्या नव्या घरकुल वसाहतीत, नाल्याकडच्या शेवटच्या घराची मागची भिंत पडली. घरात त्या वेळी एकच माणूस होता. तो त्या घरात राहत नव्हता.

त्यांचे नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या मुलीची तशी विनंती आहे. ते केळझरचे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले ओव्हरसियर. वसाहतीत त्यांना सगळे ओव्हरसियर काका म्हणत.

आपण त्यांना कुठल्या बांधकामावर पाहिले असते, तर आधी त्यांचा खिसा लक्षात आला असता. पेनाच्या जागी सायकलच्या चाकाची तार. बोलताना ती हनुवटीला टोचे, म्हणून वरच्या टोकाला त्यांनी खोडरबराचा तुकडा खोचला होता. जमिनीला किंवा भिंतीला भेग दिसली की बोलणे अर्धवट सोडून ते तार काढत, भेगेत घालत आणि किती आत गेली ते पाहत. तारेवर लाल नेलपॉलिशच्या तीन खुणा होत्या. त्या मुलीने करून दिल्या होत्या. पहिल्या खुणेपर्यंत गेली तर म्हणत, "राहा." दुसरीपर्यंत गेली तर, "सांभाळा." तिसरीपर्यंत गेली तर, "उठा." तिसरी खूण आत जाणे म्हणजे भेग जवळपास आरपार असणे. भिंतीबद्दल ते याहून जास्त बोलत नसत.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिले ते समितीच्या बैठकीत; मी वार्ताहर म्हणून गेलो होतो. जामच्या उड्डाणपुलाखाली ताडपत्र्या बांधून राहणाऱ्या कुटुंबांना पक्की घरे द्यायची, यासाठी ती समिती होती. जमीन एका व्यापाऱ्याने दिली होती. अनुदान शासनाचे, सिमेंट एका कारखान्याच्या सामाजिक निधीतून, नकाशे एका कॉलेजचे, आणि कुटुंबांची यादी एका संस्थेने केलेली. प्रत्येकाने आपापला रकाना भरून सही केली होती. बांधकामाचा अनुभव असलेले कोणी तरी हवे, म्हणून त्यांना बोलावले होते. ते कागद शांतपणे वाचत होते. मग म्हणाले, "मातीले इचारलं का कोनं?"

लोक हसले. त्यांनी कागद फिरवून दाखवला. जमीन तपासणीच्या रकान्यात प्रत्येकाने एकच लिहिले होते : संबंधितांकडून झाली.

"हे संबंधित कोन होय?" त्यांनी विचारले. अध्यक्ष म्हणाले, "मग तुम्हीच इचारा, काका." असे ते काम त्यांच्याकडे आले.

दुसऱ्या दिवशी मी बातमी दिली. सगळे घटक एकत्र आल्याचे तिच्यात ठळकपणे होते. मातीचा उल्लेख नव्हता.

त्यांची काम करण्याची एक रीत होती. पाया खोदण्याआधी ते जागेवर चुन्याची फक्की टाकून पूर्ण मापाचे घर आखत आणि ज्यांचे घर आहे त्यांना त्यात अर्धा दिवस बसवत. दार कुठे, चूल कुठे, म्हातारं माणूस कुठे निजेल, हे त्यांनी ठरवायचे. पुलाखालची सुमनबाई बसगाड्यांना संत्री विकत असे. ती सासू आणि दोन मुलींना घेऊन चुन्याच्या घरात बसली होती. पाहणीला आलेला, अनुदान जमा करणाऱ्या बँकेचा अधिकारी रेघ ओलांडून आत आला. सासू म्हणाली, "भितीतून काऊन येऊन राह्यला बाप्पा? दार हाये न तिकडे." तो मागे फिरून दारातून आला. म्हातारीने त्याला बसायला पोतेही दिले.

त्या दिवशी काकांना हसताना मी पाहिले. तसे नंतर पाहिल्याचे आठवत नाही.

माती तपासायला त्यांनी जागोजाग खड्डे घेतले. नाल्याकडच्या शेवटच्या चार घरांच्या जागेखाली जुनी मुरमाची खाण निघाली. कधी तरी ती काळ्या मातीने आणि कचऱ्याने बुजवलेली होती. त्यांनी खड्ड्यात बादलीभर पाणी ओतले. ते लगेच दिसेनासे झाले. "पानी खाली जाते म्हनजे खाली पोकळ हाये," ते म्हणाले. अहवालात त्यांनी लिहिले की ही चार घरे पुढच्या पावसाळ्यानंतर, खोल पाया घेऊन बांधावीत.

समितीला ते परवडणारे नव्हते. निधी त्याच आर्थिक वर्षात वापरायचा होता. पूल रिकामा करण्याची नोटीस कुटुंबांना आधीच मिळाली होती. घरे चिठ्ठ्या टाकून वाटली होती, आणि सुमनबाईची चिठ्ठी नाल्याकडच्या शेवटच्या घराची निघाली होती.

ती बसने केळझरला त्यांच्या घरी गेली. काय बोलणे झाले ते दोघांनीही मला पुढे सारखेच सांगितले.

"काका, पुलाखाली टरक कव्हा अंगावर येईन सांगता येत नाई. मागच्या महिन्यात चूल नेली त्यानं. मी संत्री घेऊन बसपाशी होती म्हनून वाचली."

"मले समजते, बाई. पन ती माती धरत नाई."

"माती धरत नाई. पूल राहू देत नाई. मंग पोरी घेऊन मी कुठी जाऊ, ते तुमीच लिहून द्या कागदावर."

दुसऱ्या दिवशी त्यांनी जमीन तपासणीच्या रकान्यात सही केली. सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात एक ओळ लिहिली : पावसाळ्यात दर आठवड्याला भिंतींची पाहणी आवश्यक. पाहणी कोणी करायची ते लिहिले नाही. लिहायचे राहून गेले, असे त्यांनी मला सांगितले.

घरे वेळेत झाली. उद्घाटनाला सगळे आले. त्यानंतर समितीची बैठक झाली नाही.

पाऊस सुरू झाल्यावर ते दर मंगळवारी बस बदलत केळझरहून जामला येऊ लागले. त्यांना कोणी नेमले नव्हते. मी एकदा विचारले तर म्हणाले, "सही माह्यी हाये." सुमनबाईची सासू त्यांना पाहिले की ओरडे, "आला पाह्य, तारवाला डाक्तर. भितीची नाडी पाहाले." ते चहा घेत, तार पुसून खिशात ठेवत आणि पुढच्या घरी जात.

श्रावण सुरू झाला तेव्हा शेवटच्या घराच्या मागच्या भिंतीत पहिली खूण आत गेली. त्यांनी भेगेचा फोटो समितीच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकला. उत्तरात दोन ठिकाणांहून हात जोडलेली चित्रे आली. पुढच्या पंधरवड्यात दुसरी खूण गेली. त्यांनी पुन्हा फोटो टाकला आणि खाली लिहिले, 'सांभाळा.' त्याखाली कोणी तरी रक्षाबंधनाच्या शुभेच्छा टाकल्या. त्यांनी समितीच्या प्रत्येक घटकाला वेगळे पत्रही दिले. पाचही पत्रांच्या पोचपावत्या त्यांच्या मुलीकडे आहेत. त्या मी पाहिल्या आहेत.

पोळ्याच्या आधी सलग चार दिवस पाऊस झाला. पोळ्याच्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी ते आले. दुपारी त्यांनी भेगेत तार घातली आणि सुमनबाईला म्हणाले, "उठा."

तिने भांडी, पांघरुणे, सासू आणि मुलींना जवळच्या शाळेच्या व्हरांड्यात हलवले. बाकीच्या तीन घरांनाही त्यांनी सांगितले. तिथे पुरणाचा स्वयंपाक चालला होता, आणि त्यांच्या भिंतींत तार पहिल्या खुणेपर्यंतही जात नव्हती. ते लोक थांबले. "सन होऊ द्या, काका. उद्या पाहू," एक जण म्हणाला. ते स्वतः त्या रात्री शाळेतच राहिले.

सकाळी पाऊस थांबला होता. सुमनबाईच्या लक्षात आले की कागदांचा पत्र्याचा डबा घरातच राहिला. घरकुलाचा मंजुरी आदेश, रेशनकार्ड, मुलींचे दाखले त्यात होते. ती निघाली. त्यांनी तिला थांबवले. खिशातली तार काढून तिच्या हातात दिली.

"हे धर. आत वाकलो का टोचते मले. डबा कुठी हाये ते सांगजो."

"चुलीच्या वरच्या फळीवर."

चूल मागच्या भिंतीला होती. चुन्याच्या घरात ती जागा तिनेच दाखवली होती.

ते आत गेले. भिंत पडल्याचा आवाज शाळेपर्यंत आला. लोकांनी विटा हाताने बाजूला केल्या. दवाखान्यात नेले तेव्हा मृत्यू आधीच झाल्याचे डॉक्टरांनी सांगितले. डबा त्यांच्या छातीखाली होता. तो चेपला होता, आतले कागद कोरडे होते.

चौकशी सुरू आहे. समितीच्या पाचही घटकांनी लेखी म्हणणे दिले असून, पाहणीची जबाबदारी संबंधितांची होती असे पाचही जणांनी म्हटले आहे. उरलेली तीन घरे रिकामी करण्याची नोटीस कोणी काढायची, यावर पत्रव्यवहार चालू आहे. त्या घरांत माणसे राहतात. सुमनबाई, तिची सासू आणि मुली पुन्हा पुलाखाली आहेत. डबा तिच्याजवळ आहे. दर मंगळवारी संत्री विकून झाली की ती तार घेऊन वसाहतीत जाते.

गेल्या मंगळवारी मी तिच्याबरोबर होतो. पडलेल्या घराच्या शेजारच्या घरात पोळ्या लाटणे चालू होते. तिने पदराने तार पुसली, मागच्या भिंतीच्या भेगेत घातली आणि वाकून पाहिले. तार दुसऱ्या खुणेपर्यंत आत गेली.