मामांची सही

जबलपूरला कधी जावं, असं मला बरेच जण विचारतात. मी सांगते, डिसेंबरात जा. नर्मदेचं पाणी निवळलेलं असतं, होड्या सुरू असतात, आणि सकाळी चौकात गरम खोव्याची जलेबी मिळते. ती काळपट दिसते म्हणून नाक मुरडू नका. मी पहिल्यांदा गेले तीही डिसेंबरातच, एकाहत्तर साली, युद्ध सुरू असताना. पण मी जलेबीसाठी गेले नव्हते. एका माणसाला माघार घ्यायला लावण्यासाठी मला पाठवलं होतं.

तो माणूस म्हणजे माझे मामा. ते जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात माल तपासायचे. तोफगोळ्यांचे सुटे भाग त्यांच्या टेबलावरून जायचे आणि 'तपासले, ठीक आहे' या ओळीखाली त्यांची सही लागायची. युद्धाच्या घाईत काही पेट्या न उघडताच पुढे गेल्या आणि कागद मागाहून सहीला आला. मामांनी सही केली नाही. माफीनामा लिहून सही करा, नाहीतर चौकशी, अशी नोटीस निघाली. मामीचं पत्र नागपूरला आलं तसं आई मला म्हणाली, "तू जा, शालू. तुझं ऐकतो तो. चार शब्द सांग."

मी तेव्हा तत्त्वज्ञानात एम. ए. करत होते. परीक्षा तोंडावर होती आणि पेपर होता प्राचीन ग्रीकांचा. युद्धाच्या दिवसांत मुलीने ग्रीक वाचून काय उजेड पाडायचा, असा बाबांचा सवाल होता. म्हणून पुस्तकं घरी ठेवून फक्त वह्या पिशवीत टाकल्या.

नागपूरहून गोंदिया आणि तिथून छोट्या लाईनची गाडी. आता तिथे मोठी लाईन झाली आहे, काही तासांत पोहोचाल. तेव्हा सकाळी बसलं की दिवस गाडीतच जायचा. बालाघाटनंतर जंगल इतकं जवळ यायचं की फांद्या खिडकीला घासायच्या. नैनपूरला फलाटावर उकडलेले शिंगाडे घेतले, तिखटमीठ लावून. समोर बसलेल्या बाईंनी माझी वही पाहून विचारलं, "बिटिया, काहे की पढ़ाई?"

"यूनान के पुराने लोगों की. सच क्या है, न्याय क्या है, ऐसी बातें."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "मेरा लड़का तोपखाने में है." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. त्यानंतर मला वहीतली एकही ओळ वाचवेना.

मामांचं घर जबलपूरच्या घमापूर भागात, भाड्याच्या दोन खोल्या. खिडक्यांना ब्लॅकआउटचे काळे कागद. पहाटे कारखान्याचा भोंगा झाला की रस्ता सायकलींनी भरून जायचा. मामाही त्या गर्दीत जायचे, पण नोटीस आल्यापासून त्यांना टेबल नव्हतं. हजेरी लावायची आणि भिंतीला लागून एका स्टुलावर संध्याकाळपर्यंत बसायचं. शेजारचे लोक त्यांना पाहून आवाज खाली घ्यायचे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराने तर मामीला सरळ विचारलं होतं, "भाभीजी, भाईसाहब देश के ख़िलाफ़ हैं क्या?"

रविवारी मामा म्हणाले, "चल, तुला भेडाघाट दाखवतो." तास-दीड तासाची बस होती. बसमधून उतरलात की आधी धुवांधार धबधबा पाहा, मग होडी घ्या. उलट केलंत तरी काही बिघडत नाही, पण धबधब्याच्या आवाजानंतर संगमरवरी कड्यांमधली शांतता जास्त कळते. नावाडी प्रत्येक कड्यात हत्ती, घोडा, गाडी दाखवत होता. कडे वरून पांढरे आणि पाण्याजवळ राखाडी होते. मी चार शब्द तिथे सांगितले.

"मामा, युद्ध सुरू आहे. घाई होणारच. एका सहीने काय बिघडतं?"

"पेट्या खराब आहेत असं मी कुठं म्हणून राहिलो, शालू? मले माहीतच नाही. उघडल्याच नाही त्या. मग माहीत आहे असं लिहू काहून?"

"तुम्ही नाही केली तर दुसरा कुणी करेल."

"करू दे. ती त्याची सही."

"आणि मामी? मुलं? तुमची बढती?"

त्यांनी हात पाण्यात सोडला. मग म्हणाले, "तुझ्या वहीत काय आहे? सांग बरं."

मी सांगायला नको होतं. पण सांगितलं. अथेन्समध्ये एक म्हातारा होता. आपल्याला काही कळत नाही एवढंच आपल्याला कळतं, असं म्हणायचा, आणि ज्यांना सगळं कळतं त्यांना भर बाजारात प्रश्न विचारायचा. त्याला विषाची शिक्षा झाली. मित्र तुरुंगात आला, म्हणाला, पळून चल, सगळी सोय केली आहे, मुलांचा तरी विचार कर. म्हातारा नाही म्हणाला. अन्याय सोसण्यापेक्षा अन्याय करणं वाईट, त्याने करणाऱ्याचाच आत्मा किडतो, असं त्याचं मत होतं.

"अन् परीक्षेत तू कोण बरोबर म्हणून लिहिणार? म्हातारा का मित्र?"

"म्हातारा," मी म्हणाले, आणि माझे कान तापले. कारण आठवडाभरापूर्वीच मी हे उत्तर पाठ केलं होतं, आणि आता त्या मित्राचीच वाक्यं घेऊन होडीत बसले होते.

मामा हसले नाहीत. "आत्म्याचं मले नाही समजत," ते म्हणाले. "पण एक खोटी सही केली ना, तर उद्या खरी करतानाही हात अडीन."

घरी आलो तर मामी पोळ्या लाटत होती. मी तिला होडीतलं सगळं सांगितलं. लाटणं न थांबवता तिने विचारलं, "त्या म्हाताऱ्याला बायको होती?"

"होती."

"ती काय म्हणाली?"

"ती रडत होती म्हणून तिला घरी पाठवलं. मग पुरुषांनी बसून आत्म्यावर चर्चा केली."

लाटणं थांबलं. "वा! अन् तुम्ही दोघंही तेच करून आले. नावेत बसून ठरवून आले माझ्या घराचं." ती मामांकडे वळली. "मी पत्रात काय लिहिलं होतं? कुणाला तरी पाठवा, मी एकटी आहे. यांना समजवा असं कुठं लिहिलं? सही करू नका. पण आधी मले विचारा, मग नका करू."

मामा तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "विचारतो. करू का?"

"नका करू," मामी म्हणाली आणि पोळी तव्यावर टाकली.

सोमवारी चौकशी होती. आम्ही तिघं चालत फाटकापर्यंत गेलो. मामा आत गेले. पहारेकरी आम्हाला म्हणाला, "दीदी, घर जाइए. यहाँ औरतों का क्या काम?"

"भैया, मी नाही जाऊन राहिले," मामी मराठीतच म्हणाली, मग हिंदीत, "हम यहीं बैठेंगे." आणि रस्त्यापलीकडे चहाच्या टपरीच्या बाकावर ती बसली. उठायला सांगायला तो पहारेकरी दोनदा आला. दुसऱ्यांदा मी उभी राहिले आणि म्हणाले, "रास्ता सरकार का है, भैया." मग पुन्हा मामीशेजारी बसले. कारखान्याबाहेर पडणारे कामगार आमच्याकडे बघत होते. एक जण सायकलवरून उतरला, मामीला नमस्कार केला आणि निघून गेला.

दुपारी मामा आले. माफीनाम्याच्या कोऱ्या कागदावर त्यांनी एवढंच लिहून दिलं होतं: 'मी या पेट्या तपासलेल्या नाहीत. परत आणल्यास आजच तपासून देतो.' खाली सही.

पेट्या परत आल्या नाहीत. दुसऱ्या कुणीतरी सही केली. मामांना गोदामात टाकलं, लाकडी खोक्यांच्या फळ्या लावायला, आणि निवृत्तीपर्यंत तिथेच ठेवलं. बढती झाली नाही. त्या पेट्यांत काही वाईट होतं का, हे कुणालाच कधी कळलं नाही. कळलं असतं तर गोष्ट सांगायला सोपी झाली असती. मामा मात्र कधी म्हणाले नाहीत की पेट्या वाईट होत्या.

नागपूरला आले तेव्हा आई दारातच होती. "सांगितलंस का त्याला?"

"सांगितलं. चुकीचं सांगितलं," मी म्हणाले. बाबांना सांगितलं की मी परीक्षेला बसणार आहे, पेपर ग्रीकांचाच आहे. ते महिनाभर बोलले नाहीत. मी बसले.

पुढे मी तीस वर्षं कॉलेजात शिकवलं. मुलं वर्गात आलेली नसताना हजेरीचे कागद सहीला यायचे. मी परत पाठवायचे आणि त्याची किंमतही मोजली. एकदा मात्र सही केली. वरून दबाव होता, घरात आजारपण होतं, कारणं सगळी खरी होती. तरी नाइलाज होता असं मी म्हणणार नाही. इलाज होता. मी केला नाही.