गार इंजिनाची खळखळ

आमच्या ह्यांना टॅक्सी स्टँडवर सगळे 'कानसेन' म्हणतात. आधी कौतुकानं म्हणायचे, आता टिंगलीनं म्हणतात, आणि हे दोन्ही वेळा सारखेच हसतात. मला त्या हसण्याची चीड येते. मी आज बोलणार आहे; कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

कान मात्र खरंच तयार. खालच्या मजल्यावरच्या पंख्याचं बेअरिंग जाणार, हे ह्यांनी जिना उतरता उतरता सांगितलं होतं, आणि ते गेलं. मी चिडलेय की नुसती दमलेय, ते मी ओट्यावर पातेलं कसं ठेवते त्यावरून हे ओळखतात. ओळखून करत काही नाहीत, ती गोष्ट वेगळी.

हे कान सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, घडवले. सासरे जन्मभर दुसऱ्याची गाडी चालवत राहिले. मालक मागे बसून 'हळू', 'आता जोरात', 'काच लाव' म्हणायचा आणि सासरे मान हलवायचे. उतारवयात कसंबसं जमवून त्यांनी स्वतःची गाडी घेतली. तीही जुनीच, सात माणसांची, डिझेलची. त्या दिवशी म्हणाले, "आता आपल्या घरातलं कुणी दुसऱ्याच्या स्टिअरिंगवर बसायचं नाही." ह्यांनी ते ऐकलं ते कायमचं. ह्यांना दुसरी कसलीही हौस नाही. कपडे नकोत, फिरणं नको. गाडी आपली असावी, बस्स.

सासऱ्यांचे आणखी दोन नियम होते. सकाळी गाडी चालू केली की ती गरम होईपर्यंत रेडिओ लावायचा नाही. नुसतं ऐकायचं, आणि तोवर जागची हलवायचीही नाही. दुसरा म्हणजे गाडी दोघा भावांची, तेव्हा दोघांचा होकार असल्याशिवाय मोठ्या कामाला पाना लावायचा नाही. सासरे गेले. नियम ठेवून गेले.

पहाटेपासून दुपारपर्यंत गाडी ह्यांच्याकडे, दुपारपासून रात्रीपर्यंत धाकट्या भाऊजींकडे. म्हणजे भाऊजींच्या हातात यायची ती तापलेली. रात्रभर गार पडलेलं इंजिन रोज चालू करायचं ते ह्यांनीच. सगळं रामायण घडलं ते इथंच.

एक दिवस हे पहाटे गेले तसे परत वर आले. म्हणाले, "पुढून खळखळ येतेय. डब्यात खिळे हलवल्यासारखी. थोडा वेळच येते, मग जाते."

"गेली ना? मग झालं तर."

"तसं नाही गं. टायमिंग चेन सैल झालीय."

मला काय कळतंय! मग ह्यांनी समजावलं. इंजिनाचा वरचा भाग आणि खालचा भाग एका तालात फिरवणारी एक साखळी आत असते. सायकलची चेन सैल झाली की दाते सोडते, तशी हिनं दाते सोडले तर आतले भाग एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचं भंगार होतं. ती बदलायची तर इंजिन पुढून उघडावं लागतं आणि गाडी बरेच दिवस गॅरेजमध्ये पडून राहते.

मग ह्यांच्या गॅरेजच्या वाऱ्या सुरू झाल्या. आणि पाहा काय माणूस! गार गाडी हलवायची नाही ना? मग दारात ती छान गरम करायची आणि मग मिस्त्रीकडे न्यायची. तिथे गाडी गपगार. मिस्त्री म्हणायचे, "कानसेन, गाडी ठणठणीत आहे. तुम्ही एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या." पुन्हा नेली, पुन्हा तेच. शेवटी मीच म्हटलं, "अहो, आजारी माणसाला उठवत नाही तर डॉक्टर घरी येतो. मिस्त्रींना बोलवा ना इकडे!"

आले बिचारे, पहाटे, डोळे चोळत. ह्यांनी चावी फिरवली. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, आणि त्यांचं हसू मावळलं. म्हणाले, "चुकलो बुवा. चेन पार लांबलीय. आत्ता बदललीत तर चेनवर भागेल. तुटल्यावर आलात तर इंजिन जाईल. आणि तुटायच्या दिवशी ती सांगून तुटणार नाही. जे काय सांगायचं ते आत्ता सांगतेय."

आता भाऊजींचा होकार. भाऊजी आणि पहाट यांची ओळखपाळख नाही, तरी दुसऱ्या दिवशी मी दार वाजवून वाजवून उठवलं. तोंडात ब्रश घेऊन खाली आले. गाडी खळखळली. भाऊजी फेस थुंकून हसले.

"म्हातारी आहे हो वहिनी! सकाळी उठताना तुमचीही हाडं वाजतातच की!"

"भाऊजी, मिस्त्री म्हणालेत—"

"मिस्त्री म्हणणारच. त्याला काम हवंय. एवढ्या जुन्या गाडीला एवढं मोठं काम म्हणजे नाकापेक्षा मोती जड. आणि ऐन सीझनमध्ये? रोज संध्याकाळी माझी गिऱ्हाइकं उभी असतात. सीझन संपू दे, मग बघू."

सासूबाई वरून ओरडल्या, "धाकट्याचं बरोबर आहे. सकाळी सकाळी अभद्र बोलू नका."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता तरी एकदा बाणेदारपणे बोलतील. हे म्हणाले, "बरं. सीझन संपू दे."

वर आल्यावर मी तोंड सोडलं. "भीड भिकेची बहीण! गाडी निम्मी तुमची आहे ना? मग द्या नेऊन गॅरेजमध्ये! बसू दे ओरडत!"

"दोघांचा होकार हवा, अण्णांनी सांगितलंय. आणि धाकटा आहे गं तो."

धाकटा! पुढची खोली धाकट्याला, कारण तो धाकटा. संध्याकाळची चांगली गिऱ्हाइकं धाकट्याला, कारण तो धाकटा. डोक्याला टक्कल पडलं तरी ह्याचं धाकटेपण काही संपत नाही.

मग रोज पहाटे मी खिडकीत उभी. हे बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहायचे. खळखळ आधी चटकन थांबायची, नंतर थांबायला वेळ लागायला लागला. एकदा मी वरून विचारलं, "काय म्हणतेय?" हे म्हणाले, "सांगतेय बिचारी." आणि निघाले. चढ टाळून लांबच्या रस्त्यानं जायचे. दुपारी चावी देताना भाऊजींना बजावायचे, "चढावर जोर देऊ नकोस रे." भाऊजी 'हो हो' करायचे. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

सीझन संपायच्या आतच झालं. भरलेली गाडी, उभा चढ, भाऊजींचा पाय दाबलेला. धाडकन आवाज झाला आणि गाडी जागच्या जागी बसली. माणसं वाचली, तेवढं नशीब. गाडी दोरीला बांधून आणली. मिस्त्रींनी उघडून पाहिलं आणि कापडाला हात पुसत म्हणाले, "काही उरलं नाही. भंगारात द्या."

संध्याकाळी सगळे समोरच्या खोलीत बसलो. आणि मग चोराच्या उलट्या बोंबा सुरू झाल्या. भाऊजी म्हणाले, "दादा, तुला ऐकू येत होतं तर ठासून सांगायचंस ना! मला कसं कळणार? माझ्या हातात गाडी यायची ती गरम."

सासूबाईंनी डोळ्याला पदर लावला. "थोरला तू. तू हात धरून थांबवायला हवं होतंस त्याला. त्यांची एवढी एक आठवण होती."

मला राहवलं नाही. "भाऊजी, तुम्ही खाली उभे होतात! तोंडात ब्रश होता! ऐकलंत आणि हसलात!"

"झोपेत होतो वहिनी. मला नाही आठवत."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. बोला ना आता! एवढे कान दिलेत देवानं, जीभ काय उसनी आणायची? हे फरशीकडे बघत होते. मग म्हणाले, "खरंय. मीच सांगायला कमी पडलो." आपलेच दात, आपलेच ओठ, मी गिळलं आणि आत जाऊन भांडी आदळली.

महिना नाही झाला तोच भाऊजींनी नवी गाडी आणली. स्वतःच्या एकट्याच्या नावावर. म्हणजे हे कधीपासून शिजत होतं, ते समजायला माझे साधे कानही पुरेत. वर मोठेपणानं म्हणतात कसे, "दादा, तू कुठे जाणार आता? सकाळची पाळी तूच चालव. महिन्याला ठरवून देईन."

आणि हे हो म्हणाले.

पहिल्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी खिडकीत उभी राहिले. पुढच्या खोलीच्या गॅलरीतून भाऊजींचा आवाज आला. पहाटे, स्वतःहून उठले होते! "दादा, हळू काढ. आणि काचा लाव, आत धूळ बसते."

ह्यांनी मान हलवली. काचा लावल्या. इंजिन चालू व्हायच्या आधीच रेडिओ लावला, आणि मोठा केला.