निळ्या खुणेवरचं बटण

कोमट पाण्यात साबणाची पूड विरघळू लागली की त्या वासातून भोकरदनचं आमचं अंगण तरंगत वर येतं. वडिलांचं तेरावं उरकलं होतं आणि त्यांचे कपडे धुऊन वाटून टाकायचे म्हणून आत्या सकाळीच जुन्या वॉशिंग मशीनपाशी आली होती. त्या मशीनला नळ जोडलेलाच नव्हता. बंबातलं पाणी बादलीने ओतायचं, तरी आई आधी मशीनचं बटण गरमच्या लाल खुणेवर फिरवायची, मशीनला तेवढं सांगायला हवं म्हणून. त्या दिवशी मात्र ती थंडच्या निळ्या खुणेवर बटण घट्ट धरून उभी होती. आत वडिलांचा स्वेटर होता. बंबाचा धूर उन्हात हळूहळू पसरत होता. आत्या वाफाळती बादली घेऊन आली. “वैनी, पाणी तर मीच ओतून राह्यले, बटणाला काय धरून बसलात?” “मंग थंडच ओता, ताई. गरमानं त्यांचा तंबाखूचा वास जाईल.” आत्याने बादली खाली ठेवली, कोरडाच स्वेटर बाहेर काढला आणि आईच्या खांद्यावर टाकला. यंदा आई गेली, तेव्हा तो तिच्या उशाखाली मिळाला. त्याला आता फक्त आईचा वास येतो.