पुस्तकात मनगट दुखत नाही

नागाव सोडलं त्या सकाळी अंगणभर सुपारी वाळत घातलेली होती. ती पायाखाली येऊ नये म्हणून बाबा माझी बॅग खांद्यावर घेऊन कडेकडेनं चालत होते आणि मी त्यांच्या मागून. मी बावीस वर्षांची होते. अलिबागच्या स्टँडवरून पनवेल, आणि तिथून बंगळूरची बस. आई फाटकापर्यंतच आली. वाडीतल्या भाड्यानं द्यायच्या दोन्ही खोल्यांमध्ये मुंबईचे पाहुणे उतरले होते, त्यांचे पोहे व्हायचे होते. फाटकाची कडी हातात धरून ती म्हणाली, "पोचलीस की फोन कर. आणि काय गो, पुस्तकातल्यासारखा कुणी भेटलाच, तर आधी तो कामावर वेळेवर जातो का ते बघ."

ती हसत होती. मी हसले नाही. खरं सांगायचं तर मी त्या पुस्तकातल्या मुलालाच भेटायला निघाले होते. नोकरी हे निमित्त होतं.

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी ज्या गावातच राहिल्यात त्यांना, आणि ज्या माझ्यासारख्या निघून आल्यात त्यांनाही, ही गोष्ट सांगायची राहून गेली होती.

आमच्या वाडीत उतरणारे पाहुणे जाताना काहीबाही विसरून जायचे. टॉवेल, चपला, गॉगल, आणि पुस्तकं. पुस्तकं बहुधा इंग्रजी असायची, तरुण मुलींनी समुद्रावर पालथं पडून वाचायला आणलेली. पानांमध्ये वाळू असायची, आणि अंगाला लावायच्या कुठल्याशा महागड्या क्रीमचा वास. सोळाव्या वर्षी मला तो वास म्हणजेच प्रेमाचा वास वाटायचा. दुपारी मी सुरूच्या बनात जाऊन बसायची. समुद्र ओहोटीनं लांब गेलेला असायचा, ओल्या वाळूत आभाळ पडलेलं असायचं, आणि पानं उलटता उलटता माझं मलाच कळायचं नाही की मी नागावात आहे की बर्फ पडणाऱ्या एखाद्या कॉलेजच्या गावात. सगळ्या पुस्तकांत मुलगी साधी असायची आणि तिला वाटायचं की आपल्यात बघण्यासारखं काही नाही. मुलगा देखणा, रागीट, आतून दुखावलेला. तो सगळ्यांशी वाईट वागायचा आणि फक्त तिच्यासाठी बदलायचा. मीही साधीच होते. मला वाटायचं, वाट बघणं एवढंच आपलं काम.

आईचं शिक्षण मराठीतून, दहावीपर्यंत. पण गोष्टीची हौस दांडगी. सुपारी सोलायला बसलो की ती म्हणायची, "वाच गो, काल कुठं आलो होतो?" मी इंग्रजीतलं मराठीत करून सांगायची. ती मन लावून ऐकायची आणि नको तिथे प्रश्न विचारायची.

"ह्या पोराला कामधंदा काही नाही का?"

"आई, तो श्रीमंत आहे."

"म्हणून काय झालं? दिवसभर हिच्या मागे उभा असतो तो."

एका पुस्तकात भर पार्टीत तो तिचं मनगट घट्ट पकडतो. ती म्हणते, सोड. तो सोडत नाही, जवळ ओढतो आणि म्हणतो, तू माझी आहेस. मी हे सांगताना माझ्याच अंगावर काटा आला होता. आईचा हात थांबला.

"तिनं सोड म्हटलं ना?"

"हो, पण तिला मनातून हवं असतं."

"तुला कसं कळलं?"

"पुढे लिहिलंय."

आईनं माझ्याकडे बघितलं. मग "असेल," म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली. त्या दिवसापासून मी अशी वाक्यं गाळून सांगायला लागले. माझ्या सांगण्यातले सगळे नायक सभ्य झाले. आईला ते आवडायला लागले. आणि खरे नायक फक्त माझे राहिले.

बारावीत असताना महेशनं मला विचारलं. महेश आमच्याच वर्गातला, पुढे किनाऱ्यावर पाहुण्यांना बोटीतून फिरवायचा. सायकल हातात धरून, घामाघूम होऊन तो एका दमात बोलला, "मला तू आवडतेस. तुला नसंल आवडत तर तसं सांग. मी परत न्हाय विचारणार." मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "बरं हाय," आणि सायकलवर बसून गेला. त्यानं खरंच पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा नेहमीसारखं बोलला, भौतिकशास्त्राची वही मागितली. मला फार राग आला होता. वाटलं, ह्याचं प्रेम नव्हतंच. प्रेम असतं तर तो आमच्या फाटकाशी उभा राहिला असता.

मात्र त्या पुस्तकांना दोष देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. त्यातल्या सगळ्या मुली घर सोडून कुठेतरी निघायच्या. एकटीनं खोली घ्यायच्या, नोकरी करायच्या, चुकायच्या. आमच्या घरातली कुणी मुलगी लग्नाआधी गावाबाहेर राहिली नव्हती. मी बसमध्ये चढू शकले ते त्यांचं बघून.

बंगळूरला मी पीजीत राहायला लागले. चार मुलींची खोली, सकाळी इडली, संध्याकाळी सांबारात बुडवलेलं काहीही. 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' म्हणजे 'जरा जमवून घ्या', हे मी शिकलेलं पहिलं कन्नड वाक्य. एका कंपनीत वेबसाइटसाठी मजकूर लिहायचं काम होतं. तिथे कामानिमित्त येणारा, दुसऱ्या कंपनीतला निशांत भेटला. देखणा, कमी बोलणारा, सगळ्यांवर चिडणारा, आणि माझ्याशी हळू आवाजात बोलणारा. जॅकरंडाची जांभळी फुलं रस्त्यावर पडायची ते दिवस. त्याच्या स्कूटरवर मागे बसून जाताना मला वाटायचं, कुणीतरी मला पान पान करून वाचतंय.

तो संध्याकाळी पीजीखाली उभा राहायचा. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. दहा मिनिटं उशीर झाला की मेसेज, कुठे आहेस. मग ऑफिसातल्या मुलांबरोबर जेवायला जायचं नाही. मग फोनचा पासवर्ड. प्रत्येक गोष्ट मी आधी वाचलेली होती. त्यामुळे एकाही गोष्टीची मला भीती वाटली नाही. उलट वाटलं, आलं, आपलं पान आलं.

एका दुपारी हॉटेलात, मी वेटरशी हसून बोलले म्हणून त्यानं टेबलाखाली माझं मनगट पकडलं. मी सोड म्हटलं. तो सोडेना. आणि मला आठवतं ते एवढंच की ते दुखलं. बांगडीची कड आत रुतली होती. पुस्तकात मनगट दुखत नाही. तिथे फक्त श्वास अडकतो आणि पुढचं प्रकरण सुरू होतं. इथे समोर डोसा गार होत होता आणि माझ्या डोक्यात आईचा आवाज होता, तिनं सोड म्हटलं ना?

तरीही मी आणखी सात महिने त्या नात्यात राहिले. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. मला वाटत होतं की तो बदलणार आहे. किती पानांनंतर, तेवढंच माहीत नव्हतं. त्या सात महिन्यांत दर रविवारी मी आईला फोन करायची. ती विचारायची, कशी आहेस? मी सांगायची, मजेत. ऑफिस छान आहे, मैत्रिणी छान आहेत, काल इथल्या लालबागेत फुलांचं प्रदर्शन बघितलं. ते प्रदर्शन मी बघितलंच नव्हतं. निशांतला गर्दी आवडायची नाही. वाईट वाक्यं गाळून आईला गोष्ट सांगायची सवय मला जुनीच होती.

शेवटी एका रविवारी सकाळी, खोलीतल्या दोन मुलींच्या मदतीनं, मी दुसऱ्या पीजीत गेले आणि त्याला मेसेज केला की आपलं संपलं. तो आठ दिवस माझ्या ऑफिससमोर उभा राहिला. हातात काही नाही, नुसता वर बघत. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून मी त्याला बघायची. असा प्रसंग मी किती पुस्तकांत वाचला होता आणि किती रडले होते त्यावर. आता मात्र मला खाली उतरायची भीती वाटत होती. ऑफिसातल्या वीणा मॅडम रोज मला बसस्टॉपपर्यंत सोडायच्या, त्याच्या समोरून, माझ्या दंडाला हलकेच धरून. नवव्या दिवशी तो आला नाही.

वीणा मॅडमनी पुढे तरुण मुलामुलींसाठी इंग्रजी कादंबऱ्या काढायला सुरुवात केली आणि मला बोलावून घेतलं. म्हणजे आज मी तीच पुस्तकं करते. मॅन्युस्क्रिप्ट वाचते, खुणा करते, लेखिकांना फोन करते. त्यातली बरीच सुंदर असतात. पहिल्यांदा कुणाच्या खांद्याला खांदा लागला की काय होतं, ते माणसाला सोळाव्या वर्षीच नीट लिहिता येतं असं मला वाटतं. मी अजूनही ती वाचताना चहा गार करते.

दोन वर्षांपूर्वी एक मॅन्युस्क्रिप्ट आलं. तेवीस वर्षांच्या मुलीचं, भाषा लखलखीत. त्यातही तो मनगट पकडतो. मी समासात लिहिलं, 'इथे तिनं नाही म्हटलं आहे. पुढचा प्रसंग ह्या नाहीपासून सुरू व्हायला हवा.' लेखिकेचा फोन आला. ती चिडली होती. "मॅम, मग स्टोरीत उरतं काय? तो ऐकून निघून गेला तर ती लव्ह स्टोरी कशी?"

माझ्या डोळ्यांपुढे सायकलवर बसून जाणारा महेश आला. तो आज दोन बोटींचा मालक आहे, बायको त्याच्याबरोबर बुकिंग बघते, मी गेले की लांबून हात करतो. मी त्या मुलीला म्हटलं, "तो निघून गेला तर ती काय करते, ते तू लिहून बघ. कदाचित तीच त्याच्या मागे जाईल. पण स्वतःच्या पायांनी." तिनं महिनाभर काही पाठवलं नाही. मग ते प्रकरण आलं. ती गेली नव्हती. ती घरी जाऊन शांत झोपली होती. पुस्तक फार खपलं नाही. मला ते प्रकरण पाठ आहे.

आणि तरीही माझी स्वतःची गोष्ट घरी कुणाला ठाऊक नव्हती. सहा वर्षं.

गेल्या माघात मी नागावला गेले होते. मागल्या पडवीत आई आणि मी वालाच्या शेंगा सोलत बसलो होतो. माझ्या चुलतभावाची मुलगी सायली आली. अठरा वर्षांची, अलिबागला कॉलेजात जाते, फोनवर कसल्या कसल्या लव्ह स्टोऱ्या वाचत असते. बराच वेळ शेंगा नुसत्याच चाळवत राहिली. मग म्हणाली, "आत्या, तू हीच पुस्तकं करतेस ना? मग एक सांग. तो म्हणतो, प्रेम असेल तर फोनचा पासवर्ड दे. स्टोरीत पण देतात. देऊ?"

मी तयार उत्तर देणार होते. नको देऊस, असं म्हणायला एक क्षण पुरतो. पण तिचा चेहरा बघितला आणि मला कळलं की हे वाक्य ती एका कानानं ऐकेल. तिच्या गोष्टीतही घरचे सगळे नकोच म्हणत असणार आणि मुलगी तरी देतच असणार. शेजारी आई बसलेली होती. मी म्हटलं, "मी दिला होता."

मग सगळं सांगितलं. पीजीखालचं उभं राहणं, डोसा, बांगडी, सात महिने, आठ दिवस. काही गाळलं नाही. सायलीनं मान खाली घातली होती. आईच्या मांडीवर शेंगा तशाच पडल्या होत्या. वाडीत माडाच्या झावळ्या सळसळत होत्या आणि त्यामागे समुद्र चालूच होता.

सायली उठून आत पाणी प्यायला गेली तेव्हा आई म्हणाली, "मला वाटायचं काहीतरी आहे. तू फोनवर फार छान छान बोलायला लागली होतीस. पूर्वी भांडायचीस."

"मग विचारलं का नाहीस?"

"भ्याले. तू सांगितलं असतंस तर मी काय करणार होते? मला बंगळूर कुठल्या दिशेला ते पण माहीत नाही गो."

हे बोलताना ती रडली नाही. तिनं माझं मनगट हातात घेतलं, उलटं केलं, त्यावरून अंगठा फिरवला. तिथे अर्थातच काही नव्हतं. मग ती म्हणाली, "बोलू मात्र शकले असते मी तुझ्याशी. तेवढं तरी."

सायलीनं पासवर्ड दिला नाही. त्या मुलानं तिच्याशी बोलणं सोडलं. ती तीन दिवस कॉलेजला गेली नाही, माझ्याबरोबर किनाऱ्यावर फिरत राहिली. "आत्या, बरोबर केलं ते मला कळतंय. पण वाईट वाटतंच." मी म्हटलं, वाटणारच. आम्ही ओल्या वाळूत खूप लांब गेलो, रेवदंड्याच्या बाजूला, आणि परत आलो. एकदा तिनं माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. एवढंच.

इथे बंगळूरमध्ये लोक विचारतात, होमटाउन कुठलं? मी सांगते, अलिबागजवळ. ते म्हणतात, वॉव, बीच. पूर्वी मला ह्या प्रश्नानं कासावीस व्हायचं. नागाव म्हणावं तर तिथे माझी खोली आता पाहुण्यांना देतात, आणि बंगळूर म्हणावं तर स्वप्नं अजून समुद्राच्या आवाजात पडतात.

आता दुपारी कधीही आई फोन करते. काम काही नसतं. ती फोन स्पीकरवर टाकून पडवीच्या कठड्यावर ठेवते आणि आपलं निवडत, पाखडत बसते. मी इकडे गॅलरीत कपडे वाळत घालते. कधी मी चिडलेली असते आणि ते सांगते. कधी ती कुणावर तरी रागावलेली असते. कधी कधी मात्र आम्ही दोघीही बराच वेळ काहीच बोलत नाही. सुपात पाखडल्याचा आवाज येतो, कावळा ओरडतो, बाबा खाकरतात, लांबून कुणीतरी हाक मारतं. "आहेस ना गो?" ती मध्येच विचारते. "आहे," मी म्हणते. तेवढा वेळ मी घरी असते.