पाटावरचा फोन

दसऱ्याला आमच्या घरी पूजेच्या पाटावर काय काय मांडलंय, ते बघितलं की पुण्याला लागून असलेली आमची धायरी किती बदलली ते कळायचं. माझ्या लहानपणी तिथे नांगराचा फाळ, विळे, कुदळ आणि विहिरीवरच्या मोटारीचा पाना असायचा. मग रेडिओ आला. शेताच्या जागी इमारती उभ्या राहिल्या तसा मिक्सर आला आणि एका वर्षी माझा कॉम्प्युटर. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कीबोर्डवर मूठभर अक्षता इतक्या भक्तिभावाने टाकल्या की दिवाळीपर्यंत कुठलं ना कुठलं बटण अडत होतं. मी चिडले, तर म्हणाले, "ज्याच्यावर आपलं पोट हाय, त्याला उपाशी ठिवायचं का?"

नियम एकच, आणि तो पिढीजात. पाटावर बसलेलं हत्यार संध्याकाळी सोनं वाटून होईपर्यंत उचलायचं नाही. वर्षभर राबतं, एक दिवस त्याला विसावा. त्यामुळे दसऱ्याला मिक्सर फिरायचा नाही आणि श्रीखंड दुकानातून यायचं.

त्या वर्षी माझी ताई जर्मनीत होती, दिवस भरत आलेले. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, पण डॉक्टरांनी विमानाने जायला नको म्हटलं आणि ते आईच्या जिवाला लागलं होतं. तारीख दोन आठवड्यांनंतरची, म्हणून आम्ही तिघांचेही फोन बिनघोर पाटावर ठेवले. आईचा मधोमध, नारळाला टेकून, कारण ताई त्याच्यावरच फोन करायची.

आरती झाली आणि आईचा फोन उजळला. दाजींचा मेसेज होता. आम्ही तिघंही हात मागे बांधून वाकलो. 'हिला हॉस्पिटलमध्ये आणलंय. कळवतो.' एवढं वाचून होतंय तोवर अक्षरं विझली.

"अहो, एक फोन करू द्या," आई म्हणाली.

"उचलायचा न्हाय," आबा म्हणाले. "लेकीची येळ हाय. आजच नेम मोडू व्हय?"

मला त्यांचा भयंकर राग आला. शेजारी जाऊन फोन मागावा, तर ताईचा नंबर कुणाला पाठ होता? एके काळी मला अख्ख्या आळीतले नंबर तोंडपाठ होते. आता सगळे त्या पाटावर झेंडूखाली विसावा घेत होते. आई पाटासमोर बसली ती जेवायलाही उठली नाही. थोड्या वेळाने आबाही तिच्याशेजारी जाऊन बसले.

दुपारी फोन वाजायला लागला आणि वरची फुलं थरथरली. व्हिडिओ कॉल होता. एरवी कॉल घ्यायला आबांना मी लागायचे. त्या दिवशी त्यांनी आधी फोनला हात जोडले. मग तो होता तसाच राहू देऊन, एका बोटाने ती हिरवी खूण वर सरकवली.

"उचलला न्हाय," ते म्हणाले. देवाला की आम्हाला, कोण जाणे.

काचेत दुपट्यात गुंडाळलेलं एक तोंड दिसलं. "मुलगी झाली," ताईचा थकलेला आवाज आला. तिला जन्मून तासही झाला नव्हता, आणि आमच्या फाळाच्या आणि नारळाच्या मध्ये ती जांभई देत होती. मी कॉम्प्युटरवर पोट भरणारी बाई. हे सगळं कसं चालतं ते मला चांगलं ठाऊक आहे. तरी त्या घडीला ठाऊक असलेलं काहीच कामाला येईना. आई रडत होती, हसत होती. आबांनी कुंकवात बोट बुडवलं आणि काचेवर नेमकं त्या पोरीच्या कपाळावर टेकवलं. तिकडे ते कुणालाच दिसलं नसणार.

कॉल संपला. तोंड गेलं, कुंकू राहिलं.

संध्याकाळी सोनं वाटून झाल्यावर मी आईचा फोन उचलला आणि सवयीने ओढणीने काच पुसायला गेले. आबांनी माझा हात धरला.

"पुसू नको," ते म्हणाले. "तिला लावलंय ते."