मागच्या बाजूनं येणाऱ्या अक्का

अक्का कुठल्याही इमारतीत पुढच्या दारानं शिरत नसत. गाडीतून उतरल्या की पदर खोचायचा आणि थेट मागच्या बोळाकडे चालू लागायचं. मालक पुढे हार घेऊन उभा असे. आमच्या भागात इंजिनिअर बाई येणार म्हटलं की शाल, नारळ, टोपी सगळं तयार ठेवतात. बसवकल्याणला एका लॉजच्या मालकाला तर हार हातात घेऊनच बोळभर मागे धावावं लागलं. तो धापा टाकत म्हणाला, "म्याडम, मालकाला सोडून गटारं कामून बघायलात?"

"मालक सगळीकडं चांगलेच असतात अण्णा. इमारत मागनं कळते."

मागे गेल्यावर तीन बाजूंनी शेजाऱ्यांच्या भिंती चिकटलेल्या. अक्कांनी हार घेतला, माझ्या हातात दिला आणि विचारलं, "बोअरची गाडी इथं कुठनं आणायची? तुमच्या जिन्यातनं?" झालं. लॉज बाद.

आमचं काम तेच होतं. जमिनीत खोल बोअर मारायच्या, त्यांत नळ्या सोडायच्या, नळ्यांतून पाणी फिरवून इमारतीतली उष्णता भुईच्या पोटात सोडायची. लोक त्याला 'भुईचा एसी' म्हणत. कुठली इमारत त्याला योग्य आणि कुठली नाही, हे कंपनीतर्फे अक्का ठरवायच्या आणि मी त्यांची मदतनीस. मी राजेश्वर गावची. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारताही सांगते, कारण मला ते सांगायला आवडतं. अक्का चिंताकीच्या. मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी, चारही भाषांत नाही म्हणायच्या.

समजावून सांगायची त्यांची रीतही घरातलीच होती. एका आडत्यानं विचारलं, "भुईत थंड असतंय हे कशावरनं?" अक्का म्हणाल्या, "तुमचे आजोबा ज्वारी पेवात कामून ठेवत होते? वर ऊन असू दे, थंडी असू दे, खाली सारखंच. तेवढंच वापरायचंय आपल्याला." आडत्याला पटलं. मग अक्कांनी त्याच्या गोदामाचे तापलेले पत्रे दाखवले आणि आधी ते बदला म्हणून सांगितलं. बीदरला साड्यांच्या एका दुकानाची सगळी काच पश्चिमेला होती. तिथं त्या उघडच हसल्या. "ऊन आत बोलवायचं आन् मग भुईत पुरायचं, हा कुठला धंदा? काच झाका, मग मला बोलवा." त्यानं काच झाकली नाही, अक्कांनाही पुन्हा बोलावलं नाही.

"बघायला आलोत, विकायला न्हाई," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कंपनीला मात्र विकायचंच होतं. हैदराबादचे साहेब फोनवर आधी गोड बोलत. "अक्का, एखादी तो बिल्डिंग पास करो जी."

"पास होने जैसी होना ना साब."

मग एकदा साहेबांनी गोड बोलणं सोडलं. उन्हाळा संपायच्या आत एक तरी काम उभं राहिलं नाही, तर बीदरचं ऑफिस बंद. ऑफिस म्हणजे अक्का, मी आणि एक ड्रायव्हर. घरी माझा पगार धरूनच धाकट्या भावाला लातूरला शिकायला ठेवलं होतं. मी अक्कांना म्हटलं, "आता जरा सैल धरा." त्या म्हणाल्या, "इमारत दाखव तशी."

आणि तशी सापडली. हुलसूरला एका डॉक्टरांनी नवं प्रसूतिगृह बांधलं होतं. अक्का नेहमीप्रमाणे मागून गेल्या. मागं मोकळं आवार, गाडी यायला रुंद रस्ता. आत बाळंतिणींचा वॉर्ड रात्रंदिवस चालू, गारवा लागणार आणि बाहेर काढलेल्या उष्णतेवर अंघोळीचं पाणीही तापणार. वॉर्डातली एक पोरगी तान्ह्याला पुठ्ठ्यानं वारा घालत होती. त्याच्या गळ्याभोवती घामोळं उठलेलं. अक्का तिथं बराच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर येऊन डॉक्टरांना म्हणाल्या, "व्हय. हितं होतंय." त्यांच्या तोंडून 'व्हय' मी पहिल्यांदा ऐकलं. मी लगेच घरी फोन केला.

खडक कसा आहे हे बघायला आधी एक चाचणी बोअर मारतात. दुसऱ्या दिवशी बोअरची गाडी आली तेव्हा डॉक्टरांच्या आईनं जागेला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. मी सांगितलं, "आजी, ही पाण्याची बोअर न्हाई."

"मग कशाची गं?"

"नळ्या सोडायच्यात. गारव्यासाठी."

"बोअर मारायची आन् पाणी नको म्हणायचं? असं बोलू नये बाई, बोअर ऐकती."

काळा खडक लागला, धूळ उडत राहिली. दुपारी ती धूळ ओली झाली आणि पाहता पाहता पाण्याचा फवारा उडाला. आजींनी तोंडावर पाणी मारून घेतलं. मागच्या गल्लीत नळ नव्हता, टँकर यायचा. कुंपणापलीकडून बाया घागरी घेऊनच आल्या. आमच्याकडे बोअरला पाणी लागलं की निरोप धाडावा लागत नाही. एकीनं चाखून पाहिलं आणि ओरडली, "गोडं हाय गं!"

आमच्या कामात पाणी लागणं चांगलंच. नळ्यांतली उष्णता लवकर ओढून घेतं. डॉक्टर खुशीत म्हणाले, "म्हणजे आता नळ्या सोडा. वरून बंद करून टाका."

अक्का बोअरपाशी बसल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसाब, नळ्या सोडून ही भरून टाकायची. भोवती आणखी बोअरी मारून त्याही भरायच्या, म्हणजे झराच बुजला. मग हे पाणी कुणाला मिळत न्हाई. तुमच्या आवारात एक तर पाणी राहील, न्हाईतर नळ्या."

"जागा माझी आहे. माझ्या बाळंतिणी उकाड्यात मरायल्यात, ते तुम्ही बघितलंत."

"बघितलंय. म्हणून तर व्हय म्हटलं होतं. पण प्यायच्या पाण्याची बोअर मी बुजवत न्हाई. अहवालात इमारत योग्य लिहिते, जागा योग्य न्हाई लिहिते."

"त्याच इमारतीला काल तुम्ही व्हय म्हटलंत!"

"काल पाणी नव्हतं."

डॉक्टर पाय आपटत आत गेले. मी अक्कांच्या कानाशी लागले, "अक्का, आपलं ऑफिस जाईल."

"जाईल. बोअर राहील."

जाताना त्यांनी डॉक्टरांना पुन्हा बाहेर बोलावलं आणि तीन कामं सांगितली. छताला चुना द्या, पश्चिमेला सावलीसाठी पत्र्याची पडवी बांधा, वॉर्डाच्या वरच्या झडपा उघडा. डॉक्टर घड्याळ बघत होते. आजी मात्र ऐकत होत्या.

ऑफिस गेलं. अक्कांची बदली पुण्याला झाली. बीदरच्या स्टँडवर त्या खिडकीतून म्हणाल्या, "शिकलीस. आता नोकरी धर, पण पुढच्या दारानं शिरू नकोस." भावाची एका वर्षाची फी मामानं भरली. मला पुढं कलबुर्गीला दुसऱ्या कंपनीत तेच काम मिळालं. आता माझ्यासाठीही मालक हार घेऊन बोळातून धावतात.

गेल्या उन्हाळ्यात कामासाठी हुलसूरवरून जाताना मी गाडी थांबवली आणि प्रसूतिगृहाच्या मागे गेले. कुंपणाच्या भिंतीला बाहेरून नळ बसवलेला. एक बाई घागर भरत होती. मी विचारलं, "ही बोअर कुणी मारली?"

"एक म्याडम आलत्या. गारवा करते म्हणल्या. पाणी करून गेल्या."

वॉर्डात एक चक्कर मारून आले आणि नळापाशी उभं राहूनच अक्कांना फोन लावला. नळाचं सांगितलं, बाईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अक्कांनी सगळं ऐकून घेतलं.

"आन् आत? वॉर्डात गेलतीस?"

"गेले होते. पडवी बांधलीय. झडपाही उघड्या आहेत. पण उकडतंयच."

"छत बघितलंस?"

मी बाहेरच्या जिन्यानं वर चढून पाहिलं. सिमेंटचा उघडा करडा स्लॅब उन्हात तापत होता.

"चुना न्हाई दिला," मी म्हटलं.

"मग फोन कामून करायलीस मला? आत जा, डॉक्टरला सांग."

आणि त्यांनी फोन ठेवला. मी आत गेले, मागच्या दारानं.