आमच्याकडे खडे नसतात

आम्ही झाडण खाऊन वाढलो. कल्याणच्या घाऊक बाजारात पोती उतरवताना जे धान्य जमिनीवर सांडतं, ते आई झाडून घरी आणायची. ज्वारी, बाजरी, गहू, मधूनच तीळ आणि जवस, आणि सगळ्यात माती. कळव्याच्या चाळीत दारात बसून ती ते सुपात पाखडायची, निवडायची. गिरणीवाला आमचा डबा सगळ्यांचं दळून झाल्यावर घ्यायचा. तुमच्या कबुतरांच्या दाण्यानं दुसऱ्यांचं पीठ नासतं, म्हणायचा, तेही माझ्या वर्गातल्या मुलींसमोर. मी डबा न्यायला नाही म्हणायचे आणि मार खायचे. कितीही निवडलं तरी खडा यायचाच. अशाच एका खड्यानं आईची दाढ मोडली. तेव्हापासून ती घास तोंडात घालण्याआधी मोडून बघते.

मी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, हे मी कोणी न विचारताही सांगते. कॉलेजातल्या मुलाशी लग्न केलं आणि घोडबंदर रोडला एकविसाव्या मजल्यावर राहायला गेले. सासूबाई निवृत्त शिक्षिका. दर रविवारी घरी ब्रेड करायच्या. कणकेत नाचणी, ज्वारी, ओट्स, वर जवस, तीळ, भोपळ्याच्या बिया. मल्टिग्रेन. पहिल्यांदा ते पीठ बघितलं तेव्हा मनात आलं, झाडण. तोंडानं म्हटलं, किती हेल्दी ना.

मग मीही करायला घेतला. पीठ छान फुगलं होतं. गोळा हातात आला आणि हात आपोआप चालला, मी तो थापला. सगळी हवा गेली. ओव्हनमधून वीट निघाली. सासूबाईंनी ती मुद्दाम पाहुण्यांपुढे ठेवली. म्हणाल्या, "सूनबाईंनी भाकरी थापलीये. हात कळव्याचा ना." सगळे हसले. नवरापण.

त्याच महिन्यात आई पहिल्यांदा आमच्याकडे आली. सासूबाईंनी आपल्या ब्रेडचा काप तिच्यापुढे ठेवला. आईनं तो मोडला, खिडकीकडे वळली आणि बोटानं एकेक बी चाचपायला लागली.

"आमच्याकडे खडे नसतात हो," सासूबाई म्हणाल्या.

आणि मी हसले. मला कोणी हसायला सांगितलं नव्हतं. आज हसं दुसऱ्या कुणाचं होत होतं, एवढंच.

आईनं काप बशीत ठेवला. लिफ्टपाशी म्हणाली, "शिकलीस. हसायलापण शिकलीस." तुझ्या दारचं पाणीसुद्धा आता नको, म्हणाली, आणि गेली. फोन केला की उचलायची नाही.

मी ब्रेडच्या मागे लागले. गोळा थापायचा नाही, हलक्या हातानं घडी घालायची, हे हाताला शिकवायला कितीतरी रविवार गेले. एकदा सासूबाईंच्या बरणीतलं जवस सवयीनं ताटात पसरलं. त्यात खडा निघाला, मसुराएवढा. मी तो धुऊन पुसून, पाहुणे असताना, सासूबाईंच्या बशीत त्यांच्या कापाशेजारी ठेवला. म्हटलं, तुमच्याकडचा आहे. त्यांचं तोंड उतरलं. मला बरं वाटलं. अजूनही वाटतं.

ब्रेड नीट फुगला तसा फडक्यात गुंडाळून कळव्याला नेला. आईनं मला बस म्हटलं नाही. काप मोडला, दाराच्या उजेडात धरला, बिया दाबून बघितल्या. मी उभीच.

"पाखडलंस?"

"निवडलं. ताटात."

"ताटात म्हणे. आणि ही ग्रॅज्युएट."

मग तिनं खाल्ला. उजव्या बाजूनं, कारण डावीकडे दाढ नाही. दुसरा काप स्वतःच कापून घेतला. मी म्हटलं, चल ना घरी. ती म्हणाली, ब्रेड आणत जा, मी येणार नाही. निघताना तिचं जुनं सूप माझ्या हातात दिलं.

सूप आता एकविसाव्या मजल्यावर आहे. दर रविवारी मी दोन ब्रेड भाजते, त्यातला एक कळव्याला जातो. आई माझ्या घरी अजून परत आलेली नाही. पण माझा ब्रेड फुगतो, त्यात खडा नसतो, आणि आई तो खाते.